अगाथा क्रिस्टी: ते अकरा दिवस पुरे, तिच्या नावडत्या पुस्तकाबद्दल बोलू

कोरी_वही

रहस्यकथांची इंग्रज लेखिका अगाथा क्रिस्टी हिचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "ती स्वतःच गायब झाली होती ना?"

झाली होती, बाबांनो. ३ डिसेंबर १९२६च्या रात्री ती सनिंगडेलच्या घरातून गाडी घेऊन निघाली. गाडी सापडली सरे परगण्यात, न्यूलँड्स कॉर्नरपाशी, आत फरचा कोट तसाच. अख्खं इंग्लंड तिला शोधत होतं. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका 'माध्यमा'कडे नेला. १४ तारखेला बाई हॅरोगेटच्या हॉटेलात निघाल्या. तिथल्या वाद्यवृंदातल्या लोकांनी ओळखलं. नोंदवहीत आडनाव लिहिलं होतं नील, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचं. आत्मचरित्रात बाईंनी या अकरा दिवसांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तिने नाही सांगितलं, आपण किती उकरायचं?

मला त्यानंतरच्या महिन्यांबद्दल लिहायचंय. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिची आई गेलेली. नवऱ्याने, आर्चीने, दुसरीवर जीव जडल्याचं सांगितलेलं. आणि पुस्तक तर द्यायचंच होतं, कारण पैसे हवे होते. १९२७च्या सुरुवातीला ती मुलगी रोझलिंड आणि सेक्रेटरी शार्लट फिशर (घरातली 'कार्लो') यांना घेऊन कॅनरी बेटांवर गेली आणि 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' पुरं करायला बसली. कथाबीजही नवं नव्हतं, आधीच्याच एका लघुकथेचं पीठ पुन्हा मळलेलं.

आत्मचरित्रात या दिवसांचं चित्र आहे. ती कार्लोला मजकूर सांगतेय, आणि सातआठ वर्षांची रोझलिंड समोर येऊन उभी. जा म्हटलं तर म्हणते, मी मध्ये बोलणार नाही, नुसती इथे उभी राहते. ज्या बाईच्या घरात लहान मूल आहे तिला पुढचं सांगायला नको. 'नुसतं उभं राहणं' हा काय प्रकार असतो!

ते पुस्तक तिला जन्मभर आवडलं नाही, आणि ते ती उघड सांगायची. पण तिच्याच म्हणण्यानुसार हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका ती तिथेच झाली. मनात नसताना लिहायचं, जे लिहितोय ते आवडत नसताना लिहायचं, आणि फारसं चांगलं होत नाहीये हे कळत असतानाही लिहायचं, हे ओझं तिने तिथे उचललं. त्याआधी 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'सारखं पुस्तक लिहून झालं होतं (तेही १९२६चंच!), तरी ती स्वतःला हौशीच समजायची. आयकराच्या कागदावर 'व्यवसाय' या रकान्यात लग्न झालेली बाई म्हणून राहणारी.

तर माझं म्हणणं एवढंच, की तिच्यातलं गूढ हॅरोगेटमध्ये शोधू नका. साठपासष्ट रहस्य कादंबऱ्या एक बाई घरकाम, युद्ध, घटस्फोट, वाळवंट हे सगळं सांभाळून कशा लिहिते, ते बघा. ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

एकच अट: कुठल्याही पुस्तकातला खुनी सांगायचा नाही. सांगायचंच असेल तर आधी मोठ्या अक्षरात इशारा द्या.

रात्रपाळी

मस्त धागा. मी बाईंचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमे पाहिलेत. वाचायला कुठून सुरुवात करू?

आणि एक भाबडा प्रश्न. खुनी कोण हे आधी ठरवून मग उलट लिहीत जात असणार ना?

मोजमाप

रात्रपाळी, सुरुवात पहिल्यापासून करा. 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'. ते सर्वोत्तम नाही, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात फार रस आहे. मी बत्तीस वर्षं औषधं मोजून दिली आहेत, म्हणून बोलतो.

पहिल्या महायुद्धात ही मुलगी टॉर्कीच्या रेडक्रॉस रुग्णालयात आधी परिचारिका होती. मग औषधालयात गेली, आणि १९१७ साली अपोथेकरीजची, म्हणजे औषधं बनवून देणाऱ्यांची, परीक्षा पास झाली. म्हणजे हौस म्हणून चार विषांची नावं वाचलेली नव्हेत. वजन, विद्राव्यता, मात्रा, सगळं हाताखालून गेलेलं. औषधालयात काम कधी ढिगाने तर कधी तासन्‌तास काहीच नाही. चहूकडे विषाच्या बाटल्या, तेव्हा विषाचीच गोष्ट सुचली यात नवल नाही, असं तिनेच लिहिलंय. मोठी बहीण मॅज हिने आधी कधीतरी डिवचलं होतं की तुला रहस्यकथा जमायची नाही. ते डोक्यात होतंच.

शिकत असताना ती एका बाहेरच्या फार्मासिस्टकडे धडे घ्यायला जायची. त्याच्या दोन गोष्टी तिने सांगितल्या आहेत. पहिली: त्याने सपोझिटरीज (गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या) बनवल्या आणि दशांशचिन्ह चुकवलं. तिच्या लक्षात आलं. आता गावातल्या नावाजलेल्या माणसाला विद्यार्थिनीने कसं सांगायचं? तो मान्य तर करणार नाहीच. तिने अडखळल्यासारखं केलं, तबक खाली पाडलं, आणि वर पाय देऊन सगळा माल चिरडून टाकला. मग माफी मागितली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, आणि लगेच हसू थांबलं. दशांशचिन्हाची भीती ज्याने अनुभवली आहे त्यालाच कळेल.

दुसरी: तोच माणूस खिशात क्युरारे या जहाल विषाचा खडा बाळगायचा. का? तर आपल्याजवळ ताकद आहे असं वाटतं म्हणून. तिने तो माणूस मनात ठेवला आणि 'द पेल हॉर्स' (१९६१) लिहिताना बाहेर काढला. चाळीसहून जास्त वर्षांनी!

आता * स्पॉयलर, 'स्टाइल्स' वाचायचं असेल तर पुढचा परिच्छेद सोडा *

स्ट्रिक्नीन असलेलं टॉनिक. त्यात ब्रोमाइड (झोपेची पावडर) मिसळलं की स्ट्रिक्नीनचं न विरघळणारं ब्रोमाइड तयार होतं आणि हळूहळू तळाशी बसतं. रोजचा डोस निर्धोक, पण शेवटच्या घोटात सगळं विष एकदम. बाटलीवर आम्ही 'हलवून घ्या' ही चिठ्ठी का लावायचो, ते एका खुनात समजावलंय. औषधविक्रेत्यांच्या 'फार्मास्युटिकल जर्नल'ने या पुस्तकाची स्तुती केली होती, आणि बाईंना त्याचं फार अप्रूप होतं. रास्तच आहे.

* स्पॉयलर संपला *

उलटतपासणी

विषाचं खरं असेलही हो काका, पण माणसांचं काय? सगळी पुठ्ठ्याची. कर्नल, पाद्री, मोलकरीण, वारस भाचा. भाषा म्हणाल तर सपाट. अमेरिकन रहस्यकथालेखक रेमंड चँडलरने १९४४ साली या सगळ्या कारखान्याची सालटी काढली होती. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चा उलगडा त्याच्या लेखी निव्वळ मूर्खालाच सुचेल असा. मी त्याच्या बाजूचा. खून हा कोडं नसतो, खुनाला वास असतो, घाम असतो.

कोरी_वही

उलटतपासणी, तुम्ही येणार हे माहीत होतं. :)

चँडलरची तक्रार खोटी नाही, पण ती वेगळ्याच दुकानातल्या मालाबद्दल आहे. पुठ्ठ्याची माणसं म्हणता ना, तीच तर तिची युक्ती. कर्नल दिसला की आपण म्हणतो 'हा कर्नल', आणि त्याच्याकडे बघणं सोडून देतो. वाचकाने ज्याच्याकडे बघणं सोडलंय त्याच्या मागे ती हवं ते लपवते. भाषा सपाट आहे कारण खाचखळगे असले की वाचक थबकतो. त्याने थबकू नये, भरभर पुढे जावं, हेच तिला हवं असतं.

अर्धीगोष्ट

रात्रपाळींच्या 'भाबड्या' प्रश्नावर येते, कारण तो मुळीच भाबडा नाही.

क्रिस्टीच्या ७३ वह्या शिल्लक आहेत. डेव्हनमधल्या तिच्या ग्रीनवे या घरात त्या होत्या. जॉन करन नावाच्या अभ्यासकाने त्या लावल्या आणि २००९ साली त्यांवर पुस्तक काढलं. मला वाटलं होतं, अशा काटेकोर बाईच्या वह्याही इस्त्री केलेल्या असतील. कसलं काय! जी हाताला लागेल ती वही, जे पान कोरं दिसेल ते पान. तारखा नाहीत, अक्षर गिचमीड. एका पुस्तकाची टिपणं पाच-सहा वह्यांत विखुरलेली. एक वही तर पॅरिसला शिकत असतानाची, तिच्यात फ्रेंचचा गृहपाठ. मध्येच ब्रिजच्या डावाचे गुण, सामानाची यादी, लेकीचं अक्षर. आणि त्यांच्याच शेजारी कुणाला कसं मारायचं त्याचे पर्याय!

आणि रात्रपाळी, नाही, खुनी नेहमी आधी ठरलेला नसायचा. 'क्रुकेड हाउस'च्या टिपणांत ती एकापेक्षा जास्त जणांना खुनी करून बघते. ते पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना हे खरं वाटणार नाही, कारण वाचताना वाटतं की दुसरा खुनी असूच शकत नाही. ती वहीत स्वतःशीच बोलते. हे की ते? आणि जर असं केलं तर? नको, त्यापेक्षा हे बरं.

प्रसंगांची तिची पद्धत मला विलक्षण आवडली. प्रसंग सुचतील तसे लिहायचे, प्रत्येकाला ए, बी, सी अशी अक्षरं द्यायची, आणि नंतर त्या अक्षरांची फिरवाफिरव करून क्रम लावायचा. मी गेली चार वर्षं एक कादंबरी 'पहिल्या प्रकरणापासून' लिहितेय आणि तिसऱ्या प्रकरणात रुतलेय. गेल्या महिन्यात सगळे सुचलेले प्रसंग कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि जमिनीवर मांडले. कादंबरी झाली नाही, पण तिसरं प्रकरण मुळात सातवं आहे एवढं तरी कळलं.

रात्रपाळी

म्हणजे बाई पण चाचपडायच्या? हे ऐकून फार बरं वाटलं.

खापरतुकडा

पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे मला बोलावंच लागणार.

घटस्फोट १९२८ साली झाला. ती वेस्ट इंडीजला निघाली होती, तिकिटं काढून झाली होती. निघायच्या दोन दिवस आधी जेवणाच्या टेबलावर कुणीतरी बगदादची गोष्ट काढली. तिथे आगगाडीने जाता येतं, ओरिएंट एक्स्प्रेसने, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिकिटं बदलली. एकटी गेली. तिथून उर हे इराकमधलं प्राचीन शहर, लिओनार्ड वूली यांचं उत्खनन. १९३०मध्ये पुन्हा गेली तेव्हा पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटला, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याच सप्टेंबरात एडिंबरामध्ये लग्न.

ती नुसती 'साहेबांची बायको' म्हणून तंबूत बसली नाही. फोटो काढायची, धुवायची, खापरं जोडायची, याद्या करायची. इराकमधल्याच निमरूदला हस्तिदंताचे कोरीव तुकडे सापडले तेव्हा ते साफ करायला विणायची बारीक सुई आणि तोंडाला लावायचं क्रीम वापरलं! फटींतली माती अलगद निघावी आणि हस्तिदंत तडकू नये म्हणून. माझ्या एका सरांनी हे सांगितलं तेव्हा अर्धा वर्ग हसला. नंतर आम्ही स्वतः ब्रश हातात घेऊन बसलो, तेव्हा क्रीमची कल्पना किती शहाणी आहे ते कळलं.

निमरूदच्या उत्खननाच्या घराला तिने स्वतःच्या खर्चाने मातीच्या विटांची एक छोटी खोली जोडून घेतली होती. दारावर कीलाक्षरांतली पाटी, 'बैत अगाथा', अगाथाचं घर. एप्रिल १९५०मध्ये याच खोलीत तिने आत्मचरित्राला सुरुवात केली. संपवलं १९६५मध्ये, वॉलिंगफर्डला. छापून आलं ती गेल्यावर, १९७७ साली.

आणि ते 'पुरातत्त्ववाला नवरा सर्वांत चांगला, बायको जितकी जुनी होईल तितका त्याला तिच्यात रस' हे वाक्य तिच्या नावावर खपवू नका. आपण असं म्हटल्याचं तिने स्वतःच नाकारलं होतं. आमच्या विभागात एका मगवर ते छापलंय. :(

उलटतपासणी

मगवरून आठवलं. बाईंच्या लिखाणातले ज्यू बघितलेत का? सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांची वर्णनं आज वाचवत नाहीत. आणि १९३९च्या 'अँड देन देअर वेअर नन'चं इंग्लंडमधलं मूळ शीर्षक तर इथे लिहिताही येणार नाही. भक्तांनी यावरही बोलावं.

खापरतुकडा

बोलूया की. मी त्याची भलामण करणार नाही. तिच्या वर्गात, त्या काळात, असं सर्रास बोललं जायचं. तिने ते तसंच उचललं, विचार न करता. मात्र आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. १९३३ साली बगदादमध्ये पुराणवस्तू खात्याचा जर्मन संचालक, अतिशय सुसंस्कृत माणूस, पियानो सुंदर वाजवायचा. गप्पांत ज्यूंचा विषय निघाला आणि त्याचा चेहराच बदलला. त्यांचा नायनाट करायला हवा, असं काहीसं तो सहज बोलून गेला. तिने आयुष्यात पाहिलेला हा पहिला नाझी. तो धक्का तिने बारकाईने लिहिलाय. त्याने आधीच्या ओळी पुसल्या जात नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत.

उलटतपासणी

हे उत्तर पटलं. पुठ्ठ्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

कोरी_वही

सोडू नका, मजा येतेय.

मी थोडं तिच्या बैठकीबद्दल लिहिते. पत्रकार यायचे आणि म्हणायचे, तुमच्या लिहायच्या टेबलापाशी फोटो घेऊ. टेबल कुठाय? नव्हतंच! एक न हलणारं टेबल आणि टाइपरायटर, एवढं मिळालं की झालं. निजायच्या खोलीतलं संगमरवरी माथ्याचं हातधुणीचं टेबल चालायचं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचं टेबल चालायचं. कथानकं कुठेही सुचायची, रस्त्यातून चालताना, टोप्यांच्या दुकानात टोप्या न्याहाळताना. ग्रीनवेच्या भल्यामोठ्या न्हाणीटबात सफरचंदं खात विचार करायची, हे तर प्रसिद्धच आहे.

पहिलं पुस्तक अर्ध्यावर अडकलं तेव्हा आईने सुचवलं, सुट्टी घे आणि कुठेतरी एकटी जा. ती डार्टमूरवर हेटॉरच्या हॉटेलात दोन आठवडे राहिली. सकाळभर हात दुखेपर्यंत हाताने लिहायचं, मग जेवण, मग माळावर दोनेक तास चालणं. चालता चालता पुढच्या प्रकरणातले संवाद मोठ्याने पुटपुटायचे, या पात्राचे, त्या पात्राचे. रात्री जेवून बारा तास झोप.

मोबदला? प्रकाशक जॉन लेन याने करारात असं बांधलं की २००० प्रती खपेपर्यंत मानधन नाही, वर पुढची पाच पुस्तकंही त्यालाच. पदरात पडले २५ पौंड, तेही वृत्तपत्रातल्या क्रमशः छपाईच्या हक्कांतले. त्याने शेवटही बदलायला लावला. तिने आपल्या गुप्तहेराला, पॉयरोला, कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलगडा करवला होता. कोर्टात असं कुणी बोलू देत नाही, असं लेनचं म्हणणं पडलं. मग तिने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. पुढची पन्नास वर्षं जे दृश्य तिची ओळख ठरलं, ते प्रकाशकाच्या एका आक्षेपातून आलेलं आहे!

अर्धीगोष्ट

त्या भयंकर तीन-चार आठवड्यांचं पण लिही ना ताई.

कोरी_वही

तूच लिही, तुला ते जास्त जवळचं आहे.

अर्धीगोष्ट

बरं. प्रत्येक पुस्तकाच्या आधी तीन आठवडे ते महिनाभर तिला काही म्हणजे काही सुचायचं नाही. खोलीत पेन्सिली चावत बसायचं, टाइपरायटरकडे बघायचं, येरझारा घालायच्या, सोफ्यावर अंग टाकून द्यायचं आणि हमसून रडावंसं वाटायचं. मग मॅक्सला जाऊन सांगायचं, मी लिहायचं कसं तेच विसरले, आता माझ्याकडून पुस्तक होणार नाही. तो म्हणायचा, होईल गं. सुरुवातीच्या वर्षांत तो हे जरा काळजीने म्हणायचा. पुढे पुढे तोंडाने धीर देता देता त्याची नजर हळूच आपल्या कामाकडे वळायची.

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो 'हं' म्हणाला आणि मोबाइलकडे वळला.

एक उलट उदाहरणही सांगते. मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या, खून नसलेल्या. त्यातली 'अ‍ॅबसेंट इन द स्प्रिंग' (१९४४) तीन दिवसांत! दुसऱ्या महायुद्धात ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या औषधालयात काम करत होती. तिसरा दिवस सोमवार होता, तर तिने कामावर न येण्याचं कळवून टाकलं, कारण थांबलो तर सुटेल. पहिलं प्रकरण झाल्यावर लगेच शेवटचं लिहून काढलं, मग मधलं. पण ते पुस्तक मनात कित्येक वर्षं मुरलेलं होतं. तेव्हा 'तीन दिवस' ऐकून कुणी स्वतःला दोष देऊ नये (हे मी मलाच सांगतेय).

मोजमाप

दुसऱ्या युद्धाचा विषय निघालाय तर: त्याच काळात, लंडनवर बॉम्ब पडत असताना, तिने दोन पुस्तकं लिहून बंद करून ठेवली. पॉयरोचं शेवटचं 'कर्टन' आणि तिची दुसरी गुप्तहेर मिस मार्पल हिचं 'स्लीपिंग मर्डर'. आपण गेलो तर लेकीला आणि नवऱ्याला काही मिळावं, म्हणून एक रोझलिंडच्या नावे, एक मॅक्सच्या. 'कर्टन' १९७५ साली बाहेर आलं, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्युवार्ता छापली. एका काल्पनिक माणसाची! पुढच्याच जानेवारीत, १२ जानेवारी १९७६ला, बाई गेल्या.

उलटतपासणी

पॉयरोचा तर तिलाच वीट आला होता ना? आता मला कुणीतरी दुजोरा द्या.

मोजमाप

देतो. १९१६च्या सुमारास टॉर्कीत बेल्जियन निर्वासित आले होते, म्हणून तिने बेल्जियन गुप्तहेर केला. वर तो निवृत्त पोलीस अधिकारी. पुढे लोकांना तोच हवा, आणि हा तर पहिल्या पुस्तकातच म्हातारा! हिशेब करून तिनेच लिहिलंय की तो आता शंभरीच्या पलीकडे गेला असेल. मग तिने अरिअ‍ॅडनी ऑलिव्हर नावाचं एक लेखिकेचं पात्र आणलं. ही लेखिका फिनलंडच्या गुप्तहेरावर पुस्तकं लिहिते, फिनलंडबद्दल तिला काडीची माहिती नाही, आणि त्या गुप्तहेराच्या नावाने ती बोटं मोडत असते. सफरचंदंही खाते. स्वतःची इतकी टिंगल करणारा लेखक मी दुसरा पाहिला नाही.

खापरतुकडा

शेवटच्या पुस्तकांबद्दल एक जड गोष्ट. टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००९च्या सुमारास तिच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले. शेवटी शेवटी शब्दसंपत्ती आटते, 'वस्तू', 'काहीतरी' असले मोघम शब्द वाढतात. स्मृतिभ्रंश असावा असा त्यांचा कयास. १९७२च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्ये हे ठळक दिसतं. त्या पुस्तकात अरिअ‍ॅडनी ऑलिव्हर आहे, आणि विषय आहे जुनं आठवण्याचा.

मी ते पुस्तक शाळेत असताना 'कंटाळवाणं' म्हणून अर्ध्यात टाकलं होतं.

कोरी_वही

हे वाचून गप्प बसले जरा वेळ. तरीही त्याच्यानंतर १९७३ला आणखी एक लिहिलंच तिने.

रात्रपाळी

मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. 'स्टाइल्स' संपलं. काल रात्री दोनच्या चहाला शेवटची चाळीस पानं वाचली.

मोजमाप काका, तुमचा स्पॉयलरचा परिच्छेद मी इमानदारीत सोडला होता, आज सकाळी घरी येऊन वाचला. पुस्तकात ती पावडरची रिकामी डबी येते ना, तिथे मी वाचता वाचता थांबलो होतो. थांबून मनात म्हटलं, बाईंनी उगाच भरताड घातलंय. आणि पान उलटलं.

मोजमाप

उलटलंत ना? आता 'पेल हॉर्स' घ्या. त्यातल्या विषाची लक्षणं तिने इतकी नेमकी लिहिली आहेत, की १९७७ साली लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून आणलेल्या लहानग्या मुलीला काय झालंय ते डॉक्टरांना कळेना, तेव्हा ते पुस्तक वाचत असलेल्या नर्सने ओळखलं. पोरगी वाचली. विषाचं नाव सांगत नाही.

उलटतपासणी

ठीक आहे, हेही वाचतो. पुठ्ठा निघाला तर इथेच येऊन सांगेन.